परभणीचा कारकून, मराठीचा लेखक : बी. रघुनाथ

रौप्यमहोत्सवी स्मरणिका निघणार म्हटल्यावर समितीच्या मंडळींनी मलाही एक लेख लिहायचं फर्मान काढलं. सोसायटीचा इतिहास, प्लॉट कसे पडले, बोअरला पाणी कुठं लागलं, वर्गणी कशी जमली, हे सगळं अध्यक्ष आणि सचिवांच्या लेखात येणारच आहे. मुलांची चित्रं आहेत, भगिनींच्या पाककृती आहेत. मग मी ठरवलं की आपल्या मुलखातल्या एका मोठ्या माणसाची ओळख करून द्यावी. मुलखातला म्हणजे अगदी आपल्या जिल्ह्यातला. हिंगोली जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. त्याआधी आपण सगळे परभणीचेच होतो. कोर्टाचं काम परभणीला, कलेक्टर परभणीला. त्या परभणीत एक कारकून होऊन गेला आणि तो मराठीतला मोठा कवी, कथाकार आणि कादंबरीकार होता. त्याचं नाव बी. रघुनाथ.

हे नाव आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या कानावरून गेलेलं असतं. परभणीला बी. रघुनाथ सभागृह आहे. कुणी तिथं नाटक बघितलेलं असतं, कुणी एखाद्या मेळाव्याला गेलेलं असतं. त्यांच्या नावाचं महाविद्यालय आहे, तिथं आपल्याकडची काही मुलं शिकलीही असतील. पण हे बी. रघुनाथ कोण असं विचारलं तर गाडी अडते. कुणी म्हणतं स्वातंत्र्यसैनिक असतील, कुणी म्हणतं जुने आमदार असतील. दोष कुणाचाच नाही. सभागृहाची पाटी रोज दिसते, पुस्तक मात्र हुडकावं लागतं.

त्यांचं पूर्ण नाव भगवान रघुनाथ कुलकर्णी. जन्म १५ ऑगस्ट १९१३, तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातल्या सातोना या गावी. ‘बी.’ हे भगवानमधलं इंग्रजी आद्याक्षर आणि रघुनाथ हे वडिलांचं नाव. आडनाव त्यांनी लेखनात घेतलंच नाही. सुरुवातीच्या काही कविता त्यांनी ‘फुलारी’ या टोपणनावानं लिहिल्या. फुलारी म्हणजे फुलं विकणारा, हार-गजरे करणारा. पुढं टोपणनाव सुटलं आणि बी. रघुनाथ हे नाव कायम झालं.

त्यांचं आयुष्य समजून घ्यायचं तर आधी आपल्याच गावाकडं बघावं लागतं. आपलं कनेरगाव हे नाक्याचं गाव. आजच्या मुलांना नाका म्हटलं की चहाचं हॉटेल आणि ट्रकची रांग आठवते. पण पैनगंगेच्या अलीकडं निजामाचं हैदराबाद संस्थान आणि पलीकडं वाशिमचा मुलूख, म्हणजे वऱ्हाड, अशी ही हद्द होती. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली होतं. दोन्हीकडची माणसं मराठीच. सोयरीकही इकडची तिकडं होत असे. पण राज्य दोन, कायदे दोन आणि पैसाही दोन. अलीकडं निजामाचा हाली सिक्का, पलीकडं इंग्रजांचा कलदार रुपया. सात हाली द्यावेत तेव्हा सहा कलदार मिळत. म्हणजे पुण्या-मुंबईचं पुस्तक किंवा मासिक मागवायचं झालं तर ते इकडच्या माणसाला आपोआप महाग पडायचं.

पैशापेक्षा मोठा फरक भाषेचा होता. संस्थानाच्या कारभाराची भाषा उर्दू. कचेरीतला कागद उर्दूत, कोर्टाचा निकाल उर्दूत. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं, त्याचं माध्यमही उर्दूच. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत घराघरांत मराठी बोलली जायची, पण मराठीला राज्यात प्रतिष्ठा नव्हती. शाळा काढायची तर परवानगी, सभा घ्यायची तर परवानगी. गश्ती निशान ५३ हा हुकूम जुन्या लोकांच्या तोंडी असायचा. त्या हुकुमानं साध्या सभेलाही सरकारची आगाऊ मंजुरी लागे. अशा वेळी वाचनालयं ही मराठीची खरी घरं झाली. परभणीचं गणेश वाचनालय त्यांतलंच एक. शंभरी ओलांडलेलं हे वाचनालय आजही चालू आहे.

भगवान कुलकर्णी शिकायला हैदराबादला गेले. राजधानीचं शहर, पण तिथंही मराठी मंडळींनी आपली बेटं राखली होती. १९०७ मध्ये त्यांनी विवेकवर्धिनी ही शिक्षणसंस्था काढली होती. मराठी वाचणारी, लिहिणारी, नाटकं करणारी माणसं तिथं होती. शहराच्या हवेत मात्र उर्दू होती. शेर, गझल, मुशायरे, बाजारातली दखनी बोली. मॅट्रिकपर्यंत शिकून हा मुलगा परत आला, तेव्हा घरातून आलेली ओवी-अभंगाची मराठी आणि हैदराबादची उर्दू अशा दोन गोष्टी बरोबर घेऊन आला. त्यांच्या पुस्तकांची नावं बघा. ‘साकी’, ‘फकीराची कांबळी’, ‘छागल’ ही कथासंग्रहांची नावं. छागल म्हणजे प्रवासात बरोबर घ्यायची पाण्याची पिशवी. आपल्या आज्या-पणज्यांना हे शब्द परके वाटत नव्हते. पुण्याच्या वाचकाला ते नवे वाटले असतील. आणि त्याच माणसाच्या ललितलेखांच्या पुस्तकाचं नाव ‘अलकेचा प्रवासी’. अलका ही कालिदासाच्या मेघदूतातली कुबेराची नगरी. साकी आणि अलका एकाच लेखकाच्या घरात सुखानं नांदतात, हे मराठवाड्यातच होऊ शकतं.

शिक्षण पुढं गेलं नाही. विशीच्या आसपास निजाम सरकारच्या बांधकाम खात्यात नोकरी लागली. जुनी माणसं या खात्याला तामीरात म्हणायची. रस्ते, पूल, सरकारी इमारती यांची कामं, त्यांचे अंदाज, बिलं, हजेऱ्या आणि पत्रव्यवहार. दिवसभर दुसऱ्याच्या भाषेतले कागद सरळ करायचे आणि संध्याकाळी घरी येऊन आपल्या भाषेत लिहायचं, असा त्यांचा संसार सुरू झाला तो शेवटपर्यंत तसाच राहिला. मी स्वतः आयुष्यभर कारकुनी केलेली आहे. संध्याकाळी पाच-साडेपाचला खुर्चीवरून उठल्यावर डोकं कसं रिकाम्या डब्यासारखं होतं, ते मला ठाऊक आहे. त्यानंतर घरचा बाजार, पोरांचा अभ्यास, पाहुणे. अशा डोक्यातून कविता काढायची ही काही सोपी गोष्ट नाही. आणि यांनी एक-दोन नाही, पंधराच्या घरात पुस्तकं लिहिली.

तेव्हाचं परभणी कसं होतं? मोठ्या कापड गिरण्यांचं शहर ते नव्हतं. पण कापसाचं गाव मात्र पक्कं होतं. हंगामात कापसाच्या गाड्यांची रांग लागायची. सरकी काढणारे जिन आणि गाठी बांधणारे प्रेस हाच तिथला कारखाना. मोंढ्यात धान्याची उलाढाल, स्टेशनवर मालगाड्या, जिनात काम करणारे मजूर, दलाल, अडते, हमाल आणि कचेऱ्यांतले कारकून. मनमाडकडून हैदराबादकडं जाणारी रेल्वे परभणीवरून जायची आणि थोडं पुढं पूर्णेला आपल्या हिंगोलीचा फाटा फुटायचा. उरुसाच्या दिवसांत शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्यावर हिंदू-मुसलमान दोघांचीही गर्दी. एवढं लहान गाव, पण त्यात सगळ्या तऱ्हेची माणसं. लेखकाला दुसरं काय पाहिजे? मोठ्या शहरात माणूस गर्दीत हरवून जातो. लहान गावात तो कुणाचा कोण, कर्ज किती, पोरगी कुठं दिली, हे सगळ्यांना माहीत असतं. बी. रघुनाथांना माणसं अशी जवळून दिसली.

लिखाणाचा वेग बघून मी चाट पडलो. १९३६ साली पहिली कादंबरी आली, तेव्हा वय तेवीस. कादंबरीचं नाव नुसतं ‘ओ’. एका अक्षराचं नाव त्या काळी किती जणांना सुचलं असतं! १९४० मध्ये ‘साकी’ हा कथासंग्रह, १९४१ मध्ये ‘आलाप आणि विलाप’ हा कवितासंग्रह. इथं एक गोष्ट लक्षात घ्या. कुसुमाग्रजांचा ‘विशाखा’ १९४२ चा. म्हणजे नाशिकला कुसुमाग्रजांची कविता घडत होती त्याच सुमाराला परभणीला बी. रघुनाथांची कविता पुस्तकात आली होती. मग १९४३ ते १९४६ या चार वर्षांत चार कादंबऱ्या: ‘हिरवे गुलाब’, ‘बाबू दडके’, ‘उत्पात’ आणि ‘म्हणे लढाई संपली’. हा दुसऱ्या महायुद्धाचा काळ. कागदाची टंचाई, रॉकेलची टंचाई, कापडाची टंचाई. कंदिलाच्या उजेडात लिहिणाऱ्या माणसाला रॉकेल किती जपून वापरावं लागत असेल, हे आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको. ‘म्हणे लढाई संपली’ हे नाव वाचलं तरी लेखकाचा स्वभाव कळतो. सरकारनं जाहीर केलं की लढाई संपली. पण रेशनच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाची लढाई कुठं संपली? त्या ‘म्हणे’ शब्दात साध्या माणसाचा सगळा अविश्वास आहे.

त्यांच्या कवितेबद्दल थोडं सांगतो. मी काही टीकाकार नाही, वाचक आहे. ओळी इथं उतरवून देत नाही, त्या पुस्तकातूनच वाचाव्यात. त्यांची कविता वाचताना पहिल्यांदा कानाला लय लागते. गुणगुणता यावी अशी ती कविता आहे. त्यात प्रेम आहे, पण मिळालेल्या प्रेमापेक्षा हुकलेल्या प्रेमाची हुरहूर जास्त आहे. आलाप आणि विलाप हे दोन शब्द शेजारी ठेवणाऱ्या कवीला गाणं आणि रडणं यांच्यात फार अंतर दिसत नसावं. आणि पुढं पुढं या हुरहुरीला आजूबाजूच्या जगाची धग लागत जाते. एकट्या माणसाचं दुःख आणि सगळ्या मुलखाचं दुःख एकमेकांत मिसळतात. आपल्या भागाला कवितेची परंपरा काही आजची नाही. संत नामदेवांचं नरसी आपल्या जिल्ह्यात, विसोबा खेचरांचं औंढा आपल्या जिल्ह्यात, जनाबाईंचं गंगाखेड शेजारी. पण संतांनंतर मधे मोठा काळ गेला. छापील पुस्तकांच्या, मासिकांच्या आधुनिक मराठीत मराठवाड्याचा आवाज फार क्षीण होता. तो आवाज पुन्हा ठळकपणे उमटवणाऱ्यांत बी. रघुनाथ अगदी पुढचे.

आता त्यांच्या वाढदिवसाची गोष्ट. जन्म १५ ऑगस्टचा. १५ ऑगस्ट १९४७ ला त्यांनी चौतिसावं वर्ष पूर्ण केलं. त्या दिवशी सगळ्या देशात तिरंगा फडकला. पैनगंगेच्या पलीकडं वाशिमला फडकला, पण अलीकडं फडकवायला बंदी होती. निजामानं भारतात सामील व्हायला नकार दिला होता. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा लढा सुरू होता. रझाकारांचा धुमाकूळ वाढत गेला. खेड्यापाड्यांतली माणसं बायकापोरांना घेऊन हद्दीपलीकडं वऱ्हाडात गेली. उमरखेडसारख्या ठिकाणी लढ्याचे कॅम्प उभे राहिले. आपल्या भागातल्या किती घरांत ते दिवस आजही सांगितले जातात. तेरा महिने असे गेले. शेवटी १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामानं शरणागती पत्करली.

या तेरा महिन्यांत बी. रघुनाथ कुठं होते? परभणीतच. निजामाच्याच नोकरीत. बाहेरून बघणाऱ्याला हे सोपं वाटेल. पण ज्याच्या घरात पगाराशिवाय दुसरं काही येत नाही, ज्याच्यावर कुटुंब अवलंबून आहे आणि ज्याच्या हातात फक्त लेखणी आहे, त्याची कोंडी काय असेल याचा विचार करा. ज्या सरकारचा पगार घ्यायचा, त्याच सरकारच्या राज्यात आपल्या माणसांवर काय गुदरतं ते उघड्या डोळ्यांनी बघायचं. त्यांनी ते पाहिलं आणि लिहिलं. १९४९ मध्ये त्यांची ‘जगाला कळले पाहिजे’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. नावातच सगळं आलं. नद्यांनी आणि नाक्यांनी बंद केलेल्या या मुलखात काय चाललं होतं, ते बाहेरच्यांना कळलं पाहिजे, ही त्यांची तळमळ. बंदूक घेणारे बंदूक घेऊन लढले, सत्याग्रही तुरुंगात गेले. त्यांचे उपकार मोठेच. पण घडलेलं लिहून ठेवणारा माणूस नसेल तर दोन पिढ्यांत सगळं पुसलं जातं. तेवढं काम या कारकुनानं केलं.

मुक्तीनंतर पाच वर्षंही त्यांना मिळाली नाहीत. १९५१ मध्ये ‘छागल’ हा कथासंग्रह आला. हातात आणखी बरंच काम होतं. ७ सप्टेंबर १९५३ रोजी परभणीला ते वारले. वय अवघं चाळीस. नोकरीतून निवृत्त होण्याच्या कितीतरी आधी. अजून दहाच दिवसांनी मुक्तिसंग्रामाला पाच वर्षं पूर्ण होणार होती. मराठवाडा मुंबई राज्यात आला तो १९५६ मध्ये, मराठवाडा विद्यापीठ झालं १९५८ मध्ये, महाराष्ट्र झाला १९६० मध्ये. कचेरीत मराठी आली. ज्या मराठीसाठी त्यांनी रात्री जाळल्या, ती राज्यकारभाराची भाषा झालेली बघायला ते नव्हते.

मागं राहिलेलं लेखन हळूहळू बाहेर आलं. १९५४ मध्ये ‘आडगावचे चौधरी’ ही कादंबरी. निजामी अमलातलं मराठवाड्याचं खेडं, तिथला वाडा, तिथली माणसं त्यात आहेत. १९५५ मध्ये ‘पुन्हा नभाच्या लाल कडा’ हा कवितासंग्रह आणि ‘आकाश’ हा कथासंग्रह, त्यानंतर ‘काळी राधा’. म्हणजे चार पुस्तकं अशी, जी छापून आलेली त्यांनी स्वतः पाहिली नाहीत. दुसऱ्या कवितासंग्रहाचं ते नाव मला फार आवडतं. आभाळाच्या कडा लाल होतात त्या दिवस मावळताना आणि दिवस उगवताना. त्यात तो ‘पुन्हा’ आहे.

एवढं सगळं असून हा माणूस मराठीच्या मोठ्या यादीत मागं का राहिला? मला वाटतं, त्याचं बरंचसं कारण तो नाकाच आहे. पुस्तकांचा धंदा पुण्या-मुंबईत, मासिकं तिकडं, टीकाकार तिकडं, संमेलनातल्या ओळखी तिकडं. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी १९५१ मध्ये गेल्या. पण त्यांचे पुत्र सोपानदेव स्वतः कवी होते, त्यांनी ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये पुस्तक निघालं. सगळ्या महाराष्ट्रानं ते डोक्यावर घेतलं. फार चांगलं झालं. पण प्रत्येक लेखकाच्या नशिबी अत्रे नसतात. बी. रघुनाथ तेव्हा वेगळ्या राज्यात राहत होते. त्यांना पुण्या-मुंबईला जाऊन बसता आलं नाही आणि ज्या वयात लेखकाचं नाव पसरतं त्या वयात ते गेलेच.

तरी मी त्यांना दुर्दैवी म्हणणार नाही. जगात असे कारकून-लेखक आणखीही झाले. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात कवाफी नावाचे एक कवी होते. ते ग्रीक भाषेत लिहायचे आणि तिथल्या सार्वजनिक बांधकाम मंत्रालयाच्या पाटबंधारे खात्यात त्यांनी तीस वर्षं नोकरी केली. कचेरीत इंग्रज साहेब, बाजारात अरबी, घरी ग्रीक. आपलं शहर त्यांनीही सोडलं नाही. आज साऱ्या जगात त्यांची कविता वाचली जाते. आपल्या बांधकाम खात्यातल्या कारकुनाची गोष्ट किती सारखी आहे बघा. फरक एवढाच, की त्यांच्या कवितेची जगाच्या अनेक भाषांत भाषांतरं झाली आणि आपल्याकडं अजून आपणच नीट वाचलेलं नाही.

परभणीनं मात्र त्यांना टाकलं नाही, हे सांगितलंच पाहिजे. सभागृह झालं, महाविद्यालय झालं. त्यांच्या स्मृतिदिनाच्या निमित्तानं तिथं साहित्याचे कार्यक्रम होतात. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, नाथ उद्योगसमूह आणि परिवर्तन ही संस्था त्यांच्या नावानं मराठीतल्या चांगल्या पुस्तकाला पुरस्कार देतात. आणि सगळ्यांत मोठं स्मारक म्हणजे त्यांच्यानंतर या भागात लिहू लागलेली माणसं. आपल्या वसमत तालुक्यातल्या रिधोऱ्याचे इंद्रजित भालेराव परभणीत राहूनच कविता लिहितात आणि ती महाराष्ट्रभर म्हटली जाते. आपल्या गावात राहून, आपल्या बोलीत लिहून मोठं होता येतं, ही वाट कुणीतरी आधी चालून दाखवावी लागते. बी. रघुनाथ त्या वाटेवरचे पहिल्या काही जणांतले.

हे सगळं मी सोसायटीच्या स्मरणिकेत का लिहितो आहे, असं काही जण विचारतील. त्याचं कारण आहे. पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथं घरं बांधली तेव्हा अंगणात खेळणारी पोरं आता पुण्याला, हैदराबादला, काही परदेशात आहेत. चांगलं आहे, पोटापाण्यासाठी जावंच लागतं. पण त्याबरोबर एक समज आपल्या घरांत हळूच शिरला आहे की जो गेला तो पुढं गेला आणि जो इथं राहिला तो मागं राहिला. इथं राहिलेल्या पोराकडं, मग तो शिक्षक असो, दुकानदार असो, तहसीलमधला कारकून असो, सुट्टीला आलेले नातेवाईक जरा कीव केल्यासारखं बघतात. त्याच्या आई-बापालाही कधी कधी कमीपणा वाटतो. अशा वेळी मला बी. रघुनाथ आठवतात. त्यांच्याकडं पदवी नव्हती, मोठं पद नव्हतं, मोठं शहर नव्हतं. होतं ते एक जिल्ह्याचं गाव, एक खुर्ची आणि संध्याकाळचे तीन-चार तास. त्यांनी आपला वेळ ‘इथं काय ठेवलंय’ असं म्हणत घालवला नाही. इथं जे होतं तेच त्यांनी लिहिलं आणि त्यातून मराठी भाषेत एका मुलखाची भर पडली. जाणाऱ्यांनी खुशाल जावं. पण राहणाऱ्यांनी मान खाली घालायचं काही कारण नाही.

शेवटी कार्यकारिणीपुढं आणि सर्व सभासदांपुढं एक छोटी सूचना ठेवतो. खर्चाची नाही, भिऊ नका. आपण दरवर्षी १५ ऑगस्टला झेंडावंदन करतो. जिलेबी वाटतो, मुलांची भाषणं होतात, तासाभरात सगळे घरी जातात. तो बी. रघुनाथांचा जन्मदिवस आहे. यंदापासून झेंडावंदनानंतर एका मुलानं किंवा मुलीनं त्यांची एक कविता मोठ्यानं वाचावी. पाच मिनिटांचं काम. आणि ऑफिसातल्या कपाटात पावती-पुस्तकांच्या शेजारी एक खण रिकामा आहे, तिथं त्यांची मिळतील ती चार-पाच पुस्तकं ठेवावीत. बाजारात सहज मिळाली नाहीत तर परभणीच्या वाचनालयात चौकशी करता येईल. पुस्तकं आणायचं काम मी अंगावर घेतो, नेऊन वाचायचं काम तुमचं. नेलेलं पुस्तक पंधरा दिवसांत परत करावं, एवढा एक नियम मात्र पाळावा लागेल.